पाण्याची पाळी

परगावचा मनुष्य जैनाबाद हे नाव प्रथमच ऐकतो तेव्हा तेथे जैन मंडळींची मोठी वस्ती असावी अशी त्याची समजूत होते. राज्य शासनाच्या कोषालय विभागात नोकरी करताना मध्य प्रदेशातील बरेच जिल्हे आम्ही पाहिले आणि प्रत्येक ठिकाणी ही समजूत दूर करण्याचे काम आमच्याकडे आले. फारुकी घराण्यातील नासिरखानाने तापीच्या एका तीरावर बुऱ्हाणपूर आणि समोरच्या तीरावर जैनाबाद वसविले. पहिल्याचे नाव शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून पडले, दुसऱ्याचे शेख झैनुद्दीन यांच्यावरून. या दोन्ही सूफी सत्पुरुषांच्या कबरी खुलताबादेत आहेत. बोलता बोलता झैनाबादचे जैनाबाद झाले, एवढेच.

गावाची दुसरी ओळख आहुखान्याची. आहू म्हणजे हरीण. हरणांसाठी राखलेले ते मोगली उपवन. शाहजहानची बेगम मुमताजमहल जून 1631 मध्ये बुऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली. तिचे शव प्रथम या आहुखान्यात पुरले होते आणि सुमारे सहा महिन्यांनी ते आग्र्याला नेण्यात आले. ही कथा सारे जग जाणते. परंतु आम्हांला आहुखान्याची दुसरीच एक कथा अधिक प्रिय आहे. शाहजादा औरंगजेब या बागेत आला असता हिराबाई नावाच्या एका तरुणीने फळांनी लगडलेले आंब्याचे झाड पाहिले आणि शाहजादा समोर आहे याची पर्वा न करता उडी मारून आंबा तोडला. तो कर्मठ राजपुत्र तिच्यावर लुब्ध झाला. पुढे तीच जैनाबादी महल म्हणून ओळखली गेली. सर जदुनाथ सरकारांनीही ही हकिगत दिली आहे. ती वाचताना इतरांचे लक्ष हिराबाईकडे जाते. आमचे मात्र, वयाचा परिणाम असेल, त्या आंब्याकडे गेले. त्या झाडाला पाणी कोण घालीत होते, किती दिवसांनी घालीत होते, याची नोंद कोणत्याही बखरकाराने ठेवलेली नाही. आयुष्यभर नोंदवह्या तपासलेल्या माणसाला ही उणीव जाणवते.

आमच्या घरामागे जी पाव एकर जागा आहे तिला बाग म्हणणे थोडे धाडसाचेच. दोन आंबे, एक चिकू, दोन पेरू, दोन सीताफळे, एक डाळिंब, एक जांभूळ, एक लिंबू आणि न्हाणीघराच्या मागे केळीचे एक बेट, एवढाच तिचा विस्तार. उदगीरच्या लढाईनंतर 1760 मध्ये बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. त्या धामधुमीत आमचे पूर्वज इकडे आले असे घरात सांगत. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आम्ही मध्य प्रदेशाचे ठरलो. शेजारचे रावेर महाराष्ट्रात, आम्ही इकडे. मात्र आमची तापी आणि केळी यांना ही सीमा कधी कळली नाही. ही जागा वडिलांनी घेतली. ते शाळामास्तर होते. घर त्यांनी बांधले, झाडे आईने लावली.

आईजवळ पाणी घालण्याची एक पद्धत होती. ती तिने कधी समजावून सांगितली नाही आणि आम्ही कधी विचारली नाही. न्हाणीचे पाणी एका दांडाने केळीकडे जाई. उरलेल्या झाडांना ती बादलीने पाणी देई. कोणत्या झाडाला कोणत्या वारी, हे तिला पाठ होते. दसऱ्यानंतर आंब्याला थेंबही मिळत नसे. मोहोर येऊन बोराएवढ्या कैऱ्या धरल्या की मगच बादली तिकडे वळे. लिंबाभोवती तिने दोन आळी केली होती, एक आत आणि एक बाहेर. आतल्या आळ्यात बुंध्याला मातीची भर, पाणी मात्र बाहेरच्या आळ्यात. लहानपणी आम्ही घाईघाईने बादली बुंध्याशी रिकामी करीत असू, तेव्हा ओट्यावरून तिचा आवाज येई, "अरे, बुंध्याशी ओतू नकोस. त्याचे तोंड तिथे नाही." आम्हांला वाटे, आईला सगळ्याच गोष्टींत काहीतरी सोवळेओवळे असते.

शिक्षण संपले, नोकरी लागली आणि पुढील सदतीस वर्षांत आम्ही जैनाबादला पाहुण्यासारखे येत राहिलो. झाबुआ, रीवा, मंडला, बैतूल असा तो प्रवास. बैतूलला असताना मुलताईला जाऊन तापीचे उगमस्थान पाहिले आणि तेथील पाणी आईसाठी एका बाटलीत आणले. तिने त्यातील निम्मे देवघरात ठेवले आणि निम्मे लिंबाला घातले. 2016 मध्ये ती गेली. त्यानंतर पाच वर्षे ही झाडे जगली ती शेजारच्या चाचांमुळे. चाचा आमच्या वडिलांहून लहान, आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आयुष्य केळीच्या मळ्यात पाणी देण्यात गेले. आईला ते भाभी म्हणत. त्यांच्या अंगणात सत्तर फूट खोल एक जुनी विहीर आहे. त्या विहिरीचे पाणी काढून ते आमच्या झाडांना घालीत. आम्ही काही रक्कम पुढे केली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. आंबे मात्र घेतले, तेही मोजून निम्मे.

2021 मध्ये आम्ही निवृत्त झालो आणि सौभाग्यवतींसह कायमचे जैनाबादला परतलो. आल्या आल्या तीन सुधारणा केल्या. न्हाणीघराला फरशी बसवून त्याचे पाणी गटाराला जोडले. अंगणात दोनशे ऐंशी फुटांची कूपनलिका घेतली. आणि पन्नास मीटर लांब रबरी नळी आणली. ज्या झाडांना आईने बादल्या वाहून जगविले, त्यांना आता मुबलक पाणी मिळावे, ही आमची इच्छा. तिच्यामागे थोडी अपराधाची भावनाही होती. सदतीस वर्षांची थकबाकी एका उन्हाळ्यात फेडावयाची होती. लिंबावर आमचे विशेष प्रेम. रोज सकाळी दहा मिनिटे नळी त्याच्या बुंध्याशी लावून आम्ही चहा घेत बसत असू. मातीची भर वाहून गेली, दोन आळ्यांचे एक झाले. ते आम्हांला नीटनेटके वाटले.

त्या वर्षी आंब्याला मोहोर आलाच नाही. दिवाळीनंतरही पाणी चालू असल्याने त्याने तांबूस, कोवळी पालवी काढली आणि आम्ही तिचे कौतुक करीत राहिलो. दुसऱ्या वर्षी, 2022 च्या पावसाळ्यानंतर, लिंबाची पाने पिवळी पडू लागली. शिरा अधिकच पिवळ्या. आम्हांला वाटले, पाणी कमी पडते. म्हणून दहाची पंधरा मिनिटे केली. मग बुंध्याची साल जमिनीलगत काळपट होऊन तडकली आणि तीतून मधासारखा डिंक पाझरू लागला. एके दिवशी चाचा कुंपणापाशी आले, खाली बसले, नखाने साल खरवडली. आतले लाकूड तपकिरी झाले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भैया, इसको आपने प्यार से मारा है."

आईच्या हातचे चाळीस वर्षांचे झाड मार्गशीर्षात वाळून गेले.

कागदपत्र पाहिल्याशिवाय कोणताही निर्णय मान्य करू नये, ही नोकरीतील सवय. आम्ही शेतकीची पुस्तके गोळा केली आणि वाचीत बसलो. वाचता वाचता आईचा एकेक नियम समोर येऊ लागला. लिंबूवर्गीय झाडांच्या बुंध्याला सतत ओल लागली की जमिनीतील फायटोप्थोरा ही बुरशी सालीत शिरते. तिलाच डिंक्या म्हणतात. म्हणून दुहेरी आळे. पाणी बाहेर, बुंधा कोरडा. रोग लवकर दिसला तर साल खरवडून मोरचूद व चुना प्रत्येकी एक किलो आणि पाणी दहा लिटर अशी बोर्डो पेस्ट लावावी. झाडाची पाणी पिणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात. ती सावलीच्या कडेला, फांद्यांच्या टोकांखाली असतात. 'त्याचे तोंड तिथे नाही' हे आईचे वाक्य अक्षरशः खरे होते. आंब्याला हिवाळ्याच्या तोंडावर पाण्याचा ताण बसला तरच तो पालवीऐवजी मोहोराकडे वळतो. लिंबू, संत्रे, डाळिंब यांचा बहार धरणे म्हणजे दुसरे काय? पाणी तोडावयाचे, झाडाला थोडे उपाशी ठेवावयाचे, आणि ठरल्या दिवशी पुन्हा सुरू करावयाचे. ताण न देता पाणी दिलेले झाड पानांनी गच्च होते आणि फळाला विसरते. आणि ताणानंतर एकदम धो धो पाणी दिले तर डाळिंब तडकते. देण्याइतकेच न देण्यालाही शास्त्र आहे.

मग आम्ही हिशेब मांडला. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. लिंबाच्या सावलीचा घेर तीन मीटर व्यासाचा, म्हणजे सात चौरस मीटर. भर उन्हाळ्यात दिवसाला दहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले आणि झाड त्याच्या निम्मे वापरते असे मानले, तर त्याला दिवसाला पस्तीस लिटर पाणी पुरे. आमची नळी अर्ध्या मिनिटात पंधरा लिटरची बादली भरते. दहा मिनिटांत तीनशे लिटर. आम्ही त्या झाडाला भर उन्हाळ्यातील गरजेच्या आठपट पाणी वर्षभर पाजत होतो. हा आकडा वहीत लिहिताना हात थांबला. हाताखालच्या एखाद्या कर्मचाऱ्याने असा खर्च दाखविला असता तर आम्ही त्याला त्याच दिवशी खुलासा मागितला असता.

ठिबक सिंचनाची कथाही त्याच सुमारास वाचली. सिमखा ब्लास या इस्रायली अभियंत्याला एक झाड शेजारच्या झाडांहून पुष्कळच मोठे झालेले दिसले. पाहिले तर जवळची एक नळी गळत होती आणि मुळाशी थेंब थेंब पाणी पडत होते. पुढे 1965 मध्ये हात्झेरीम येथील वसाहतीत त्याच्या कल्पनेवर कारखाना उभा राहिला. आपल्या शेजारच्या जळगावात भवरलाल जैन यांनी ती विद्या आणून खानदेशात रुजविली आणि आज रावेरपासून बुऱ्हाणपूरपर्यंत केळीच्या बागा काळ्या नळ्यांवर उभ्या आहेत. आम्हीही नळ्या आणल्या. तासाला चार लिटर पाणी देणारे चार-चार ड्रिपर प्रत्येक मोठ्या झाडाच्या सावलीच्या कडेने बसविले. आळ्यांत केळीच्या वाळल्या पानांचे आच्छादन घातले. नवे लिंबाचे रोप जुन्या जागेपासून दूर लावले, कारण ती बुरशी मातीत राहते. रोपाशेजारी चाचांनी एक भाजलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून दिले. मडक्यात पाणी भरून झाकण ठेवावयाचे. माती कोरडी झाली की मडके पाझरते, ओली असली की थांबते. ना वीज, ना घड्याळ. आमच्या साऱ्या हिशेबाचे उत्तर दोन-तीन लिटरच्या मडक्यात होते.

येथे हा लेख संपता तर तो निवृत्त माणसाच्या बागकामाचा एक साधा वृत्तांत झाला असता. पण 2023 चा पाऊस ओढ देऊन गेला आणि 2024 चा उन्हाळा आला.

चैत्र संपता संपता आमची कूपनलिका खोकू लागली. जो पंप तासभर सलग चाले तो पंधरा मिनिटांनी हवा फेकू लागला. पंधरा मिनिटे म्हणजे साडेचारशे लिटर. घराला अडीचशे लागत. उरले दोनशे. आम्ही वही उघडली. जुना रायवळ आंबा, जांभूळ आणि सीताफळे यांना काहीच नको. त्यांची मुळे खोल, शिवाय सीताफळ हे असीरगडाच्या दगडांत वाढणारे झाड. चिकूला साठ, पेरूंना तीस-तीस, डाळिंबाला पंधरा, नातीच्या नावाने लावलेल्या केशर आंब्याला वीस, लिंबाच्या रोपाला पाच. आणि केळीच्या पाच खुंटांना वीस-वीस प्रमाणे शंभर. एकूण दोनशे साठ. तूट साठ लिटर. केळीचे बेट तोडावे आणि न्हाणीचे पाणी पुन्हा बागेत घ्यावे, असा ठराव आम्ही मनाशी केला. केळीच्या जिल्ह्यात राहून घरची केळ तोडावयाची, याचे वाईट वाटत होते. तरी हिशेब जमल्याचे समाधानही होते. वही सौभाग्यवतींपुढे ठेवली.

त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "अहो, झाडांचा हिशेब बरोबर आहे. पण चाचांच्या विहिरीचा यात कुठे आहे?"

आम्ही विचारले, "त्यांच्या विहिरीचे काय?"

"फाल्गुनातच आटली. त्यांची सून दोन महिन्यांपासून शेळ्यांसाठी पाणी लांबून आणते आहे. तुम्हांला दिसले नाही?"

आम्हांला दिसले नव्हते. आमची कूपनलिका त्या विहिरीपासून दीडशे फुटांवर. ती विहीर पूर्वी कधी आटली नव्हती असे नाही. 1972 च्या दुष्काळात तिचा तळ दिसल्याचे आई सांगत असे. परंतु आम्ही आल्यापासूनच्या तीन उन्हाळ्यांत तिचे पाणी दर वर्षी अधिक खाली गेले होते. हे आमच्या पंपामुळे झाले, की आसपासच्या मळ्यांतील खोल कूपनलिकांमुळे, की पावसाने ओढ दिल्यामुळे, हे सिद्ध करता येणार नाही. न्यायालयात आम्ही निर्दोष सुटलो असतो. मात्र हिशेब तपासनिसाचे काम न्यायाधीशाचे नसते. नोंद जिथे व्हावयास हवी होती तिथे ती झाली आहे की नाही, एवढेच त्याने पाहावयाचे असते. पाच वर्षे ज्या विहिरीच्या पाण्यावर आमची झाडे जगली, ती विहीर आमच्या वहीत नव्हती.

संध्याकाळी आम्ही चाचांकडे गेलो. पुष्कळ शब्द जुळवून नेले होते. ते बाजेवर बसले होते; शेजारी बसावयास सांगितले, सुनेला चहा टाकावयास सांगितला. त्या चहासाठी लागलेले पाणी कोठून आले असेल, हा विचार घशाशी आला. आम्ही म्हटले, "चाचा, हमारे बोर से आपके कुएँ का पानी गया हो, तो..." वाक्य पुरे झाले नाही. चाचा हसले. म्हणाले, "पानी तो ऊपरवाले का है, भैया." थोडे थांबून म्हणाले, "पाइप आपका है."

त्या दोन वाक्यांत तक्रार होती की क्षमा, हे आम्ही अद्याप ठरवू शकलेलो नाही. दुसऱ्या दिवशी वही नव्याने मांडली. केळ तोडली. न्हाणीघराची नवी फरशी फोडून आईचा जुना दांड उकरला आणि ते पाणी चिकूकडे वळविले. उरलेल्या झाडांना शंभर लिटर. आणि शंभर लिटर कुंपणापलीकडे, एका नळीने, रोज सकाळी झाडांच्या आधी. चाचांनी एक अट घातली. त्यांच्या दोन पेरूंना आठवड्यातून एकदाच पाणी द्यावयाचे. "आदत मत बिगाड़ना," म्हणाले. चिकूने त्या वर्षी फळे गाळली, पण झाड तगले. डाळिंबाच्या दोन फांद्या वाळल्या. जुन्या रायवळ आंब्याला, ज्याला आम्ही थेंबही दिला नव्हता, डहाळ्या वाकतील इतके आंबे आले.

त्या उन्हाळ्यात एकदा नदी ओलांडून आम्ही कुंडी भंडारा पाहण्यास गेलो. लहानपणापासून अनेकदा पाहिलेला. पण तहान लागलेल्या वर्षी पाहणे वेगळे. जहांगीराच्या काळात, 1615 मध्ये, बुऱ्हाणपूरचा सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना याने तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाकडून ही व्यवस्था करविली. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारे पाणी वाटेत भुयारात धरावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे न्यावयाचे. भुयारावर ठराविक अंतराने शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरींसारखी तोंडे. आज पाळण्याने सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येते. खाली भिंतींतून अजूनही पाणी झिरपते. त्याच व्यवस्थेतील सुखा भंडाऱ्याचे पाणी मूळचे लालबाग व इतर बागांसाठी होते. पुढे ते शहराला पिण्यासाठी वळविण्यात आले. हे वाचले होते तेव्हा त्याचे काही वाटले नव्हते. आता वाटले, की बागेच्या आधी माणूस, हा निर्णय या भूमीत पूर्वीही कोणीतरी घेतला आहे. मार्च 2024 मध्ये या भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारशांच्या यादीत गेले. आनंदाची गोष्ट आहे. पण खाली उभे असताना आमच्या मनात दुसरेच आले. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने पाझर जेवढा आहे तेवढाच घेण्याची सोय केली होती. भुयार पंपासारखे खोकत नाही. जमीन जितके देते तितकेच त्यातून वाहते. त्याहून अधिक ओढण्याचे साधन त्याने बसविलेच नव्हते. आम्ही मात्र दोनशे ऐंशी फुटांवर जाऊन, वर्षाच्या पावसाने न भरलेले पाणी उपसून, ते एका लिंबाच्या बुंध्याशी ओतले होते.

त्या पावसाळ्यापूर्वी आम्ही एकच काम केले. आमच्या घराचे छप्पर सुमारे शंभर चौरस मीटर आहे. त्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. पावसाळ्यात सातशे मिलिमीटर पाऊस झाला तर सत्तर हजार लिटर. एवढे पाणी आजवर गटारात जात होते. पन्हळी लावून, वाळू-खडीच्या टाकीतून गाळून, ते आम्ही चाचांच्या विहिरीत सोडले. आमच्या कूपनलिकेत नव्हे. गवंड्याने विचारले, "साहेब, स्वतःच्या बोअरात का नाही?" आम्ही सांगितले, जुनी बाकी आहे.

2024 चा पाऊस चांगला झाला. पुढच्या वैशाखात चाचांच्या विहिरीत कमरेएवढे पाणी होते. ते छपराच्या पाण्याने राहिले की चांगल्या पावसाने, हेही सिद्ध करता येणार नाही. आमच्या पंपाने विहीर आटली हे सिद्ध होत नव्हते, तसेच हे. त्यामुळे वहीत आम्ही फक्त पाण्याची उंची लिहिली, कारणाचा रकाना कोरा ठेवला. त्याच महिन्यात, 10 मे 2025 रोजी, भोपाळला मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार झाला. पावसाचे वाहून जाणारे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या जमिनीत मुरवावयाचे, असा तिचा हेतू आहे. आमच्या हयातीत ते पाणी कितपत मुरेल हे पाहावयाचे. पण ज्या दोन राज्यांच्या मध्ये आमच्यासारखी कुटुंबे इतकी वर्षे उभी आहेत, ती दोन्ही एका नदीखालच्या ओलीसाठी एका कागदावर सही करतात, याचे आम्हांला बरे वाटले. चाचांना बातमी वाचून दाखविली. त्यांनी विचारले, "हमारे कुएँ तक आएगा?" आम्ही म्हटले, "लिखा तो है." कोषालयात सदतीस वर्षे काढलेल्या माणसाचे हे उत्तर ऐकून ते पुन्हा हसले.

असो. केळीचे बेट आम्ही पुन्हा लावलेले नाही. जागा मोकळी आहे. न्हाणीच्या दांडाच्या कडेला तेथे अळू आपोआप फुटले आहे. लिंबाचे रोप आता छातीएवढे झाले असून यंदा त्याला प्रथमच सात लिंबे धरली. पहिली दोन सौभाग्यवतींनी कुंपणापलीकडे पोहोचविली. झाडाभोवती दोन आळी आहेत, आत एक आणि बाहेर एक. नात सुटीत आली होती. तिने बादली उचलली आणि धावत जाऊन नेमकी बुंध्याशी रिकामी करू लागली. ओट्यावरून आमच्या तोंडून शब्द निघाले ते आईचेच. फरक इतकाच, की आम्ही उठून तिच्याजवळ गेलो, फांद्यांच्या टोकाखालची माती बोटभर उकरली आणि आतली पांढरी, केसासारखी मुळे तिला दाखविली. "हे बघ, त्याचे तोंड इथे आहे." तिने ती मुळे पाहिली, माती परत लोटली आणि मग बाहेरच्या आळ्यात हळूहळू पाणी सोडले.

आज सोमवार. आज लिंबाच्या पाण्याची पाळी नाही.